नोरीनचा हात

माझी नणंद नोरीन कायली निवृत्त झाली तेव्हा कारखान्यातल्या लोकांनी तिला एक आरामखुर्ची भेट दिली. पाठ मागे टाकता येते, पाय वर घेता येतात, तसली. तिनं ती बेटावर आणली, कोठारात ठेवली आणि आठवडा उलटायच्या आत तिचे सगळे सांधे सोडवून टाकले. पाय वर उचलणारी रचना तिला फार आवडली होती. ती पुढे माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला लागली. उरलेल्या धुडावर मांजरं झोपतात.

आम्ही कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे. आमच्या नदीच्या तोंडाशी कालवं निघतात, आणि माझा नवरा एमेट पोरवयापासून तीच काढत आला. नोरीन त्याची मोठी बहीण. ती शिकायला बाहेर गेली, मेकॅनिकल इंजिनिअर झाली, ओंटारिओतल्या एका पंपाच्या कारखान्यात तिनं उभी नोकरी काढली. लग्न केलं नाही. परत आली ती थेट आमच्या घरामागच्या, सासऱ्यांच्या कोठारात. मी तिला वरची खोली देऊ केली तर म्हणाली, "लिओना, तुझ्या खोलीचं छप्पर बुटकं आहे. मला लेथच्या वर कप्पी टांगायचीय."

मग सुरू झाले तिचे नमुने. नमुना म्हणजे तिच्या भाषेत अजून न जमलेली वस्तू. धुण्याच्या यंत्राच्या पिंपात बटाटे सोलायचा एक नमुना झाला. त्यात साल निघायची, पण सालीबरोबर बटाटाही निघून जायचा, आणि हातात उरायचा तो गोटीएवढा. पाऊस आला की कपड्यांची दोरी आपोआप ओसरीत ओढून घेणारा दुसरा नमुना झाला. त्यात साखरेची वडी अडकवलेली असे. वडी भिजून विरघळली की स्प्रिंग सुटायची. एके दिवशी कडक उन्हात मुंग्यांनी ती वडी खाल्ली. त्याच वेळी फादर ओसरीची पायरी चढत होते. माझ्या दोन्ही चादरी त्यांना गुंडाळूनच आत आल्या. फादर आतून म्हणाले, "नोरीन, ही तूच असणार."

नंतर तिनं साखरेऐवजी मिठाचा खडा लावला. ती दोरी आजतागायत चालू आहे, आणि गावातल्या निम्म्या अंगणांत तशाच दोऱ्या आहेत. पण ते कोणी बोलत नाही. चादरीत गुंडाळलेले फादर मात्र सगळ्यांना आठवतात.

एमेट तर तिला एक दिवस सोडायचा नाही. "काय इंजिनिअरबाई, आज कोणाला गुंडाळणार?" असं रोज सकाळी चहाच्या वेळी. ती ब्रेडवर काकवी ओतत म्हणायची, "तुला. पण तुझ्या मापाची चादर मिळत नाहीये." दोघं सत्तरीला टेकलेली, पण भांडण शाळेतलंच. फक्त एका गोष्टीत तो खरोखर कडक होता. होडीला हात लावू द्यायचा नाही. "घरात काय गोंधळ घालायचा तो घाल. होडीत एक खिळासुद्धा ठोकायचा नाही."

आमच्या नदीत कालवं हातानंच काढायची असा नियम. होडीत उभं राहायचं, लांब दांड्यांचा मोठा चिमटा पाण्यात सोडायचा. त्याच्या दोन्ही टोकांना दाताळी असतात. दांडे उघडायचे, मिटायचे, तळ खरवडायचा, आणि दाताळ्यांत अडकलेली कालवं, दगड, चिखल सगळं हातांनी वर ओढून फळीवर ओतायचं. मोठी ठेवायची, लहान परत पाण्यात. मग पुन्हा तेच, दिवसभर. एमेटनं हे पन्नासहून जास्त वर्षं केलं. गेल्या शरदात भर हंगामात त्याचा उजवा खांदा गेला.

डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू विरलाय, जुन्या दोरासारखा. शिवून फार उपयोग नाही. दुसरं काही काम करा. एमेटनं घरी येऊन टोपी खुंटीला लावली आणि खिडकीशी बसला. तिथून नदी दिसते. मी म्हटलं, पडदा ओढू का? तर माझ्याकडे असं बघितलं, की पुन्हा काही विचारायची छाती झाली नाही. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. चहा दिला की "हं" म्हणायचा. नोरीनला टोमणे मारायचं बंद झालं, तेव्हा मी खरी घाबरले.

नोरीनही घाबरली असावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याचा चिमटा कुठंय?"

"शेडमध्ये. का गं?"

"वजन करायचंय."

हिवाळाभर कोठारातून करवतीचा, घणाचा, वेल्डिंगचा आवाज येत राहिला. नदी गोठली, बर्फावरून लोक गाड्या नेऊ लागले, आणि आमच्या कोठारात मध्यभागी एक डोलकाठी उभी राहिली. काठीच्या टोकाला कप्पी, कप्पीतून दोर, दोराच्या एका टोकाला एमेटचा चिमटा, दुसऱ्या टोकाला तोलासाठी लोखंडाचा गोळा. माळ्यावर उभं राहून नोरीन चिमटा खाली सोडायची, बादलीभर दगड उचलायची आणि करंगळीनं वर आणायची. मला वर बोलावून तिनं माझ्याकडूनही उचलून घेतलं. खरंच, पिसासारखं!

"एमेटला बोलाव," ती म्हणाली.

एमेट आला. दारातच उभा राहिला. सगळं वरपासून खालपर्यंत बघितलं. "दोरीला टांगलेली बाहुली व्हायचं नाही मला," एवढंच बोलला आणि वळून गेला. त्याचं मन मला कळत होतं. धक्क्यावर वॉली असतो. वॉली म्हणजे एमेटचा जुना जोडीदार, शेजारच्या होडीवाला, जिभेला हाड नाही. सगळी नदी बघत असताना बहिणीनं केलेल्या कुबडीवर काम करायचं, हे एमेटला मरणाहून वाईट वाटत होतं.

नोरीन माळ्यावरून उतरली, हात पुसले आणि म्हणाली, "ठीक आहे. मग मीच जाते."

मे महिन्यात हंगाम उघडला त्या सकाळी ती खरंच गेली. एमेटच्या होडीत तिनं डोलकाठी बसवली तेव्हा तो घरातून बाहेर आला नाही, पण नको असंही म्हणाला नाही. परवाना त्याचा असल्यामुळे जे निघेल ते सगळं परत पाण्यात टाकायचं, असं तिनं धक्क्यावर सगळ्यांना आधीच सांगून टाकलं. वॉली ओरडला, "अगं नोरीन, काही निघालं तर ना!"

मी किनाऱ्यावर उभी. थोड्या वेळानं मागे पावलं वाजली. एमेट खिशात हात घालून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला होता.

पहिल्या खेपेला चिमटा छान खाली गेला. नोरीननं दांडे मिटले, वर ओढायला लागली. इथवर कोठारातल्यासारखंच. पण कोठारात पाणी नव्हतं आणि कोठार हलत नव्हतं. होडी एका बाजूला कलली, तसा तो लोखंडी गोळा झोका घेऊन दुसऱ्या बाजूला आला, होडी त्याच्यामागून कलली, आणि माझी नणंद, चार पेटंटं नावावर असलेली बाई, शांतपणे, सरळ उभीच्या उभी, नदीत गेली.

पाणी कंबरभरच होतं, पण मे महिन्यातलं, नुकत्याच वितळलेल्या बर्फाचं. साऱ्या होड्यांतून हशा उठला. वॉली तर फळीवर बसून गुडघे बडवत होता. नोरीन चिखलातून वर आली, तोंडावरचं शेवाळ काढलं आणि पहिलं काय बोलली असेल? "कोन चुकला!"

मी एमेटकडे वळले तर तो शेजारी नव्हता. बुटांसकट पाण्यात शिरला होता. जाताजाता होड्यांकडे तोंड करून ओरडला, "काय दात काढताय रे? तुमच्यापैकी एकाला तरी सुचलं असतं का हे? वॉली, तुझ्या बायकोचे कपडे कोणाच्या दोरीवर वाळतात?"

वॉलीनं खाली मान घालून कालवं निवडायला घेतली.

एमेटनं बहिणीला चांगल्या हातानं धरून बाहेर काढलं. दोघं किनाऱ्याकडे येत होती, दातांवर दात आपटत होते, आणि तेवढ्यात एमेटनं तोंड उघडलं. "अगं गाढवे, वजन टांगतं का कोणी होडीत? होडीत सुटं वजन म्हणजे मरण."

"मग काय टांगू?"

"मला काय विचारतेस, इंजिनिअर कोण आहे? आणि दुसरं सांगतो. तू सगळीकडे सारखीच ओढ दिलीस. चिमटा पाण्यात असेपर्यंत काही वाटत नाही. दांडे लाकडाचे, ते तरंगतातच. खांदा मोडतो ते दाताळं पाण्याबाहेर येतं ना, तिथं. तिथून फळीपर्यंत. तेवढ्यातच मोडतो."

नोरीन मधेच थांबली. अंगातून पाणी गळतंय, ओठ निळे, आणि ती भावाचा हात धरून म्हणते, "पुन्हा सांग."

"आधी घरी चल, मरशील."

"एमेट, पुन्हा सांग!"

त्या दुपारी दोघांना मी स्टोव्हपाशी घोंगड्यांत बसवलं, माशाचे वडे तळून वाढले, आणि दोघांनी ताटाकडे न बघता खाल्ले. एमेट काटा हातात धरून दाखवत होता, इथं हलकं, इथं हलकं, आणि हा इथं जड. कित्येक महिन्यांनंतर त्याचा आवाज घरभर ऐकू येत होता. मी मुद्दाम पाठ करून भांडी घासत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून एमेट कोठारात जायला लागला. लोखंडी गोळा गेला आणि त्याच्या जागी आमच्या गॅरेजच्या दाराची स्प्रिंग आली. दार तेव्हापासून लाकडाच्या ओंडक्यानं टेकवावं लागतं. चिमटा खाली जाताना त्याच्या वजनानं स्प्रिंग पिळली जायची, आणि वर येताना तीच स्प्रिंग उलगडून हात द्यायची. पण सगळीकडे सारखाच हात नको होता. म्हणून नोरीननं दोर गुंडाळायचं रीळ भोवऱ्याच्या आकाराचं कातलं. दोर निमुळत्या भागावर असला की ओढ एक, रुंद भागावर आला की दुसरी. पाण्यात हलकी, पाण्याबाहेर जोरकस. हे मला तिनं लाटण्याला दोरा गुंडाळून समजावलं. लाटणं सगळीकडे सारखंच जाड, म्हणून मग गाजर घेतलं.

पहिला भोवरा चुकला. दुसरा जवळपास आला. त्याच्यावरून दोघांची अशी जुंपली, की मी कोठाराच्या दारात जाऊन म्हटलं, "शेजारच्या गाई दूध द्यायच्या बंद होतील." एमेट म्हणत होता, दोर शेवटी हिसका देतो. नोरीन म्हणत होती, हिशोबानं तो देणं शक्य नाही. "मग तुझ्या हिशोबाला खांदा नाहीये!" तो ओरडला. नोरीन वळली. लेथकडे गेली, भोवऱ्याची कड अगदी थोडी घासली आणि पुन्हा लावला. एमेटनं उजव्या हातानं, हो, उजव्याच हातानं चिमटा उचलला. खाली सोडला. परत उचलला. नोरीननं चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला.

आता होडीत बसवायचं तर नोरीन म्हणाली, "आधी मासेमारी खात्याला फोन करते."

एमेट उडालाच. "कशाला? कोणी विचारलंय?"

"कोणी विचारायच्या आधी आपण दाखवायचं. मी लपवून ठेवण्यासारखी वस्तू बनवत नाही."

खात्याचा अधिकारी आला. तरुण, नीटनेटका, नम्र. धक्क्यावर त्या दिवशी जरा जास्तच लोकांना काम निघालं होतं. त्यानं डोलकाठी बघितली, स्प्रिंगचा डबा उघडून बघितला, टोपी मागे सारली. "मिस कायली, नियमात हातानं असं स्पष्ट लिहिलंय. ही स्प्रिंग शक्ती देते, त्याचं काय?"

"स्प्रिंग काहीच देत नाही," नोरीन म्हणाली. "खाली जाताना चिमट्याचं जे वजन वाया जायचं, ते ती सांभाळून ठेवते आणि वर येताना परत करते. इंजिन शोधा, बॅटरी शोधा. सापडली तर मी हे नदीत बुडवते."

"मला वर कळवावं लागेल."

"अवश्य कळवा. पण काय कळवायचं ते आधी हातांना कळू दे. चढा होडीत."

बिचारा चढला. एमेटनं होडी पात्रात नेली आणि चिमटा त्याच्या हातात दिला. पोरगा घामाघूम होईतो ओढत होता. तळ खरवडायला, दांडे मिटायला, चिखल झटकायला कोणती स्प्रिंग येणार? बऱ्याच वेळानं फळीवर तीन कालवं आणि एक जुना बूट पडला. धक्क्यावरून वॉली ओरडला, "साहेब, बूट मापाचा नाही, परत टाका!" अधिकारीही हसला. किनाऱ्यावर आल्यावर त्यानं तळहात उघडून बघितले. दोन फोड आले होते. "हे हाताचंच काम आहे," तो म्हणाला. "मी तसंच कळवीन."

परवानगीचा फोन आला तो जून निम्मा सरल्यावर. नोरीननं फोन ठेवला, कोठाराच्या दारात गेली आणि भावाला फक्त म्हणाली, "जा."

मी त्या दिवशी धक्क्यावर गेले नाही. खिडकीतूनच बघितलं, जिथं तो हिवाळाभर बसला होता तिथून. एमेटची होडी बाकीच्या होड्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. चिमटा गेला, आला. गेला, आला. लांबून ती डोलकाठी वाकून वाकून सलाम केल्यासारखी हलत होती. आणि माझ्या नवऱ्याची पाठ मला दिसत होती. ताठ, रुंद, ओळखीची. मी खूप दिवसांनी बघत होते ती पाठ.

कालवांची पेटी भरून परतल्यावर तो घरी आला नाही, सरळ कोठारात गेला. मी मागोमाग गेले. त्यानं खिशातून सुरी काढली, पेटीतलं सगळ्यात चांगलं कालव निवडून उघडलं आणि शिंपला नोरीनपुढे धरला. आमच्या घरात हंगामातलं पहिलं कालव होडीचा धनी खातो. सासरे खायचे, त्यांच्यानंतर एमेट. नोरीनला ते माहीत होतं. ती म्हणाली, "अरे, होडी तुझीय."

"खा गं मुकाट्यानं," एमेट म्हणाला. तिनं खाल्लं. मग म्हणाली, "डाव्या हाताच्या माणसाला हा दोर उलटा पडेल. त्याचं बघायला हवं."

डाव्या हाताचा माणूस म्हणजे कोण, ते मला ऑगस्टमध्ये कळलं. एके दिवशी दुपारी वॉली दाराशी आला, हातात बायकोनं केलेला ब्लूबेरीचा केक. कोठाराच्या दारात उभा राहून हवेबद्दल बोलला, बटाट्यांच्या पिकाबद्दल बोलला, पोपच्या तब्येतीबद्दलसुद्धा बोलला. नोरीन कानस चालवत ऐकत होती; एमेट आणि मी तिथंच होतो. शेवटी तिनं विचारलं, "वॉली, काय हवंय?"

"काही नाही गं. सहज आलो."

"बरं. मग केक ठेव आणि जा."

तो दोन पावलं गेला, परत आला. टोपी काढली. पंचाहत्तरीचा माणूस, पण शाळेतल्या मुलासारखा उभा होता. "दोन्ही खांदे ठणकतात," तो म्हणाला. "रात्री कूस बदलता येत नाही. मला... तसं एक करून देशील?"

मला वाटलं होतं ती आता त्याला सळो की पळो करेल. नदीत पडली तेव्हाचा त्याचा हशा मी तरी विसरले नव्हते. नोरीननं कानस खाली ठेवली, बाकाखालून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि उलगडलं. भोवरा होता, उलट्या बाजूनं कातलेला. "डावखुरा आहेस ना तू?" ती म्हणाली. "जुलैपासून तयार आहे. एवढा वेळ का लावलास?"

वॉलीचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नये म्हणून त्यानं एमेटलाच शिव्या घातल्या.

यंदाच्या शरदात नदीवर बऱ्याच होड्यांना डोलकाठ्या आहेत. लोकांनी त्या वस्तूला आपणहून नाव दिलंय, नोरीनचा हात. "तुझा हात बसवला का रे?" असं एकमेकांना विचारतात. वरच्या खाडीकडले, खांद्यापायी काम सोडलेले दोघेजण तर पुन्हा होडीत उतरलेत. त्यांच्या बायका मला दुकानात भेटल्या की माझाच हात हातात घेतात, जसं काही मीच केलंय.

परवा चर्चच्या दालनात गावजेवण होतं. बाहेरून आलेलं एक जोडपं एमेटशेजारी बसलं. गृहस्थानं सहज विचारलं, खिडकीतून होड्यांवर त्या काठ्या दिसतात त्या कसल्या? झालं! एमेटनं काटा खाली ठेवला. मिठाचं भांडं झालं होडी, चमचा झाला डोलकाठी, आणि भोवरा समजावून सांगायला त्यानं त्या बाईंच्या ताटातलं गाजर उचललं. त्यांना विचारलंसुद्धा नाही. "हे बघा, निमुळतं इथं, रुंद इथं. पाण्यात हलकं, पाण्याबाहेर जोर. हे कोणाच्या डोक्यात आलं? माझ्या बहिणीच्या. ही बसलीय ती. इंजिनिअर आहे ती, साधीसुधी नाही. बेटाबाहेर लोकांनी तिला पंचेचाळीस वर्षं दिली नाही आम्हाला परत."

नोरीन लालबुंद. टेबलाखालून तिनं त्याला लाथ मारली, ती मला लागली.

"एमेट, पुरे रे. त्यांचं जेवण निवतंय."

"निवू दे," एमेट म्हणाला आणि गाजर उंच धरून पलीकडच्या टेबलालाही दिसेल असं फिरवलं. "अजून डावखुऱ्याचं सांगितलंच नाही."

पलीकडून वॉली उठून उभा राहिला. "ते मी सांगतो!"

मी माझी नडगी चोळली, ताट पुढे सरकवलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा ऐकलं.